डेंटल थेरपिस्ट आहात आणि स्पेशल केअरमध्ये जायचंय? मग कोर्सचा फॉर्म भरायच्या आधी हे वाचा

गेल्या काही महिन्यांत तीन-चार जणींनी मला एकच प्रश्न विचारलाय, "ताई, स्पेशल केअरचा कोर्स कुठला करू?" आणि दरवेळी मी अर्धा-पाऊण तास फोनवर तेच तेच बोलत बसते, म्हणून म्हटलं आता एकदाच नीट लिहून टाकावं. स्पेशल केअर म्हणजे अपंगत्व, आजार किंवा भीतीमुळे नेहमीच्या दवाखान्यात उपचार घेणं अवघड जातं अशांच्या दातांची काळजी. मी इंग्लंडमध्ये कम्युनिटी डेंटल सर्व्हिसमध्ये (अशाच पेशंटसाठीची सरकारी दंतसेवा) थेरपिस्ट आहे, म्हणजे डेंटिस्ट नाही पण ठरावीक उपचार स्वतः करते, त्यामुळे इथे लिहिलेलं मुख्यतः इंग्लंडचं आहे, वेल्समध्ये बरंचसं तसंच चालतं, स्कॉटलंड आणि नॉर्दर्न आयर्लंडचे कायदे वेगळे आहेत, तिथे फरक पडतो तेव्हा सांगेनच.

आधी एक गैरसमज काढून टाकू, कारण यात लोकांचे पैसे जातात. जनरल डेंटल कौन्सिलने, म्हणजे दातांच्या क्षेत्रातल्या सगळ्यांची नोंदणी करणाऱ्या जीडीसीने, २००८ मध्ये स्पेशल केअर डेंटिस्ट्रीला स्वतंत्र स्पेशालिटी म्हणून मान्यता दिली हे खरं, पण ती स्पेशालिस्ट लिस्ट फक्त डेंटिस्टसाठी आहे. थेरपिस्टने पीजी सर्टिफिकेट केलं, डिप्लोमा केला, एमएससी केलं, काहीही केलं तरी त्या लिस्टवर नाव येत नाही, आणि नावापुढे किंवा वेबसाइटवर 'स्पेशालिस्ट' लिहिता येत नाही. 'स्पेशल केअरमध्ये विशेष रस' असं लिहिलं तर चालतं. म्हणजे कोर्समधून तुम्हाला नवी पदवी किंवा नवी नोंदणी मिळणार नाहीये, मिळणार आहे ते फक्त काम करता येणं. हे एकदा डोक्यात बसलं ना की कोर्स निवडायची पद्धतच बदलते.

स्पेशल केअर म्हणजे नक्की कोण

साधारण १६ वर्षांपुढचे पेशंट. त्याखालची मुलं पीडियाट्रिक डेंटिस्ट्रीकडे जातात, आणि ते १६ च्या आसपासचं हस्तांतर हा स्वतःच एक मोठा घोळ आहे कारण तोपर्यंत ओळखीची क्लिनिक, ओळखीची नर्स असते आणि एकदम सगळं बदलतं. लर्निंग डिसेबिलिटी, ऑटिझम, डिमेन्शिया, पार्किन्सन्स, स्ट्रोक झालेले, गंभीर मानसिक आजार असलेले, कॅन्सरचे किंवा हृदयाचे गुंतागुंतीचे पेशंट, नेहमीच्या डेंटल चेअरच्या वजनमर्यादेत न बसणारे, बेघर लोक, आणि भीतीने पाय थरथरतात असे फोबियावाले. बऱ्याचदा यातल्या दोन-तीन गोष्टी एकाच माणसात असतात.

इंग्लंडमध्ये हे काम बहुतेक कम्युनिटी डेंटल सर्व्हिस करते, स्कॉटलंडमध्ये तिला पब्लिक डेंटल सर्व्हिस म्हणतात. थोडं डेंटल हॉस्पिटलमध्ये. आणि जाता जाता एक गोष्ट, थेरपिस्ट या पेशाची पाळंमुळंच इथली आहेत. १९६० साली लंडनच्या न्यू क्रॉस हॉस्पिटलमध्ये डेंटल ऑक्झिलरींची, म्हणजे तेव्हाच्या थेरपिस्टची, शाळा सुरू झाली, ती १९८३ ला बंद पडली, आणि २००२ पर्यंत थेरपिस्टला जनरल प्रॅक्टिसमध्ये कामच करता येत नव्हतं, फक्त कम्युनिटी आणि हॉस्पिटल. त्यामुळे कोणी म्हणालं "थेरपिस्ट स्पेशल केअरमध्ये काय करणार" तर त्यांना सांगा आम्ही तिथूनच आलोय.

पायरी पहिली: तुमची नोंदणी कोणत्या नावाने आहे ते बघा

महाराष्ट्रातून बीडीएस करून आलेल्यांसाठी हे खास लिहितेय. पूर्वी बरेच जण बीडीएसच्या जोरावर जीडीसीकडे थेरपिस्ट किंवा हायजिनिस्ट म्हणून नोंदणी करून घ्यायचे आणि मग सावकाश ओआरई, म्हणजे परदेशी डेंटिस्टना इथे नोंदणीसाठी द्यावी लागणारी परीक्षा, द्यायचे. तो रस्ता मार्च २०२३ मध्ये बंद झाला. आता परदेशी डेंटिस्टच्या डिग्रीवर थेरपिस्टचा नवा अर्ज घेतला जात नाही. ज्यांची नोंदणी आधीच झाली होती ते थेरपिस्ट म्हणून काम करू शकतात, आणि हा लेख त्यांच्याही कामाचा आहे. बाकीच्यांनी एकतर ओआरई सारख्या मार्गाने डेंटिस्ट व्हायचं, नाहीतर इथला डेंटल हायजीन अँड थेरपीचा कोर्स करायचा. कोणी एजंट "थेरपिस्टची नोंदणी करून देतो" म्हणत असेल तर पैसे देऊ नका.

आणि बीडीएसवाल्यांना अजून एक गोष्ट जी मला स्वतःला पचवायला जड गेली. हाताला येतं म्हणून करायचं नसतं. थेरपिस्ट म्हणून आपण पक्क्या आणि दुधाच्या दातांचं फिलिंग करतो, दुधाचे दात काढतो, दुधाच्या दातांची पल्पोटॉमी (नसेचा वरचा भाग काढणं) आणि तयार क्राउन करतो, हिरड्यांचे उपचार करतो, एक्सरे काढतो, बधिरतेचं इंजेक्शन, म्हणजे लोकल, देतो. पक्का दात काढणं, पक्क्या दाताचं रूट कॅनल, डेन्चर हे आपलं नाही. तिकडे तुम्ही शेकडो दात काढले असतील, इथे एकही नाही. स्पेशल केअरमध्ये हे जास्त टोचतं कारण समोर बसलेल्या माणसाचा हलणारा दात दोन मिनिटांत निघेल असं दिसत असतं आणि पुन्हा एवढ्या कष्टाने त्याला क्लिनिकमध्ये आणायचं असतं, तरी डेंटिस्टला बोलवायचंच.

पायरी दुसरी: आधी साध्या कामात हात बसू द्या

डिग्रीनंतर लगेच स्पेशल केअरच्या कोर्सला उडी मारू नका. जमलं तर थेरपिस्टसाठी असलेलं एक वर्षाचं फाउंडेशन ट्रेनिंग करा, स्कॉटलंडमध्ये याला व्होकेशनल ट्रेनिंग म्हणतात. नाही मिळालं तर दीड-दोन वर्षं अशा प्रॅक्टिसमध्ये काम करा जिथे तुम्हाला खरंच फिलिंगं करायला देतात, नुसतं स्केलिंग नाही. कारण सरळ आहे. ज्या पेशंटचं तोंड चाळीस सेकंद उघडं राहतं तिथे तुम्हाला मॅट्रिक्स बँड (फिलिंगला आकार देणारी दाताभोवतीची पट्टी) कसा बसवायचा याचा विचार करायला वेळ नसतो, ते हाताने आपोआप व्हायला हवं. हात अडखळला की तुमचं लक्ष दातात अडकतं आणि पेशंटच्या चेहऱ्यावरून उडतं, आणि इथे खरी माहिती चेहऱ्यावर असते, भुवया, बोटं, श्वास.

पायरी तिसरी: चार दिवस शॅडोइंग, तेही वेगवेगळ्या ठिकाणी

शॅडोइंग म्हणजे काम करणाऱ्यांबरोबर राहून नुसतं बघणं. ही पायरी लोक गाळतात आणि मग कोर्सच्या मध्यात कळतं की आपल्याला हे झेपत नाहीये किंवा आवडतच नाहीये. जवळच्या कम्युनिटी सर्व्हिसच्या क्लिनिकल लीडला छोटी ईमेल करा. मी कोण, जीडीसी नोंदणी आहे, एन्हान्स्ड डीबीएस (गुन्हेगारी नोंदींची तपासणी) आहे, मला चार दिवस बघायला यायचंय. बस एवढंच, सीव्हीची चार पानं जोडू नका. पहिल्या ईमेलला उत्तर नाही आलं तर दोन आठवड्यांनी परत करा, ते लोक खरंच बिझी असतात.

चार दिवस असे मागा: एक दिवस नेहमीच्या क्लिनिकमध्ये, एक दिवस सिडेशनच्या (पूर्ण न झोपवता गुंगी देऊन उपचार) लिस्टला, एक दिवस जनरल अनॅस्थेशियाच्या थिएटरला, आणि एक दिवस केअर होम किंवा घरी जाणाऱ्या टीमबरोबर. थिएटरचा दिवस सगळ्यात शिकवतो. ज्या माणसाच्या तोंडात वर्षानुवर्षं कोणालाच नीट बघता आलेलं नाही त्याचं तोंड झोपेत उघडल्यावर आत काय असतं ते एकदा बघा, मग प्रिव्हेन्शन या शब्दाचा अर्थ कळतो आणि आपण थेरपिस्ट लोक नेमके कुठे लागतो तेही.

शॅडोइंग करताना एक विचारा, तुमच्याकडे केस मिक्स, म्हणजे पेशंट किती गुंतागुंतीचा आहे त्याची मोजणी, कसं भरता? ब्रिटिश डेंटल असोसिएशनचं हे मॉडेल आहे, सहा मुद्दे: संवाद साधता येतो का, सहकार्य करता येतं का, मेडिकल स्थिती, तोंडाची जोखीम, उपचारापर्यंत पोचायला काय अडचण, आणि कायदेशीर-नैतिक अडथळे. प्रत्येक मुद्द्याला शून्य, ए, बी, सी असा दर्जा. सर्व्हिसला हे कमिशनिंगसाठी, म्हणजे काम आणि पैसे मंजूर करून घ्यायला, लागतं, पण नव्या माणसाला ही विचार करायची उत्तम चौकट आहे. मी सुरुवातीला प्रत्येक पेशंटचं हे मनातल्या मनात भरायचे आणि मग सिनियरने भरलेल्याशी ताडून बघायचे. माझा 'सहकार्य' नेहमी बरोबर यायचा आणि 'कायदेशीर अडथळे' नेहमी चुकायचा, म्हणजे कुठे शिकायचं ते आपोआप कळलं.

पायरी चौथी: कोर्स

आता मूळ प्रश्न. ढोबळमानाने तीन प्रकार असतात.

पहिला, एक-दोन दिवसांचे किंवा संध्याकाळचे सीपीडी, म्हणजे नोकरी करता करता ज्ञान ताजं ठेवायचे, कोर्सेस. डिमेन्शिया, ऑटिझम, केअर होममधलं तोंडाचं आरोग्य वगैरे. स्वस्त, ओळखी होतात, पण यावर कोणी नोकरी देत नाही. दुसरा, कम्युनिटी सर्व्हिस आणि प्रादेशिक डीनरी (त्या भागातलं ट्रेनिंग बघणारी संस्था) मिळून चालवतात ते ट्रेनिंग, यात तुम्ही आठवड्यातले ठरलेले दिवस स्पेशल केअर क्लिनिकमध्ये सुपरव्हायजरच्या हाताखाली काम करता आणि मधूनमधून अभ्यासाचे दिवस असतात. हे दरवर्षी सगळीकडे नसतं, जाहिरात येते आणि जाते, त्यामुळे आपल्या भागाच्या डीनरीच्या मेलिंगवर नाव घालून ठेवा. तिसरा, युनिव्हर्सिटीचा लेव्हल ७ चा, म्हणजे मास्टर्सच्या पातळीचा, रस्ता: ६० क्रेडिटचं पीजी सर्टिफिकेट, १२० चा डिप्लोमा, १८० ला एमएससी. फी काही हजार पौंड.

माझं मत विचाराल तर, आणि यावर माझे मैत्रिणींशी वाद झालेत, दुसरा प्रकार मिळत असेल तर डोळे झाकून घ्या, सर्टिफिकेटवर युनिव्हर्सिटीचा शिक्का नसला तरी. कोर्सचं ब्रोशर हातात आलं की मी फक्त एक गोष्ट शोधते: स्वतःच्या हाताने पेशंट किती दिवस बघायला मिळणार आणि शेजारी कोण उभं असणार. हे ब्रोशरमध्ये नसेल तर फोन करून विचारा. "ऑनलाइन मॉड्यूल आहेत आणि तुम्ही तुमच्या वर्कप्लेसला केसेस जमवा" असं उत्तर आलं आणि तुमची वर्कप्लेस हाय स्ट्रीटवरची (बाजारपेठेतली नेहमीची) प्रॅक्टिस असेल, तर केसेस येणार कुठून?

दुसरा प्रश्न: थेरपिस्टला प्रवेश आहे का? हसू नका. मी एका युनिव्हर्सिटीच्या स्पेशल केअरच्या एमएससीला अर्ज केला, पर्सनल स्टेटमेंट लिहिलं, रेफरन्स गोळा केले, आणि शेवटी उत्तर आलं की फक्त डेंटिस्ट. प्रवेशाच्या पानावर 'डेंटल प्रोफेशनल' असं लिहिलेलं होतं, मला वाटलं त्यात आपण आलो. दोन महिने गेले. तसंच रॉयल कॉलेजची स्पेशल केअरची डिप्लोमा परीक्षा डेंटिस्टसाठी असते, आणि स्पेशल केअर डेंटल नर्सिंगचं सर्टिफिकेट नर्ससाठी, आपण मध्ये लटकलेले. म्हणून अर्जाआधी अ‍ॅडमिशन ट्यूटरला एका ओळीत लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

तिसरं, पुढे कुठे जायचंय. कुणाला अ‍ॅडव्हान्स्ड प्रॅक्टिसच्या दिशेने जायचं असेल तर इंग्लंडच्या चौकटीत चार खांब आहेत, क्लिनिकल, लीडरशिप, शिकवणं आणि रिसर्च, आणि तिथे लेव्हल ७ चं वजन पडतं. तेव्हा युनिव्हर्सिटीचा खर्च कामी येतो. नुसतं चांगलं क्लिनिकल काम करायचं असेल तर त्याची घाई नाही.

पैशाचं म्हणाल तर आधी नोकरी, मग कोर्स असा क्रम ठेवलात तर स्टडी लीव्ह आणि फीचा काही भाग सर्व्हिसकडून मागता येतो. स्वतःच्या खिशातून भरून नंतर नोकरी शोधणं हा महागडा मार्ग आहे.

पायरी पाचवी: कायदा, आणि इथे आपली माणसं हमखास चुकतात

कोर्समधला सगळ्यात रुक्ष वाटणारा भाग हाच आणि रोज लागणारा भागही हाच, त्यामुळे जरा सविस्तर सांगते.

आपल्या डोक्यात असतं की मुलगा मोठा असला तरी त्याला समजत नाही ना, मग आई हो म्हणाली की झालं. इंग्लंड आणि वेल्समध्ये असं नाही. इथे मेंटल कपॅसिटी अ‍ॅक्ट २००५ लागतो, वय १६ च्या पुढे. आई, बहीण, नवरा, केअर होमचा मॅनेजर, कोणीही निव्वळ नात्यामुळे किंवा पदामुळे मोठ्या माणसाच्या वतीने संमती देऊ शकत नाही. ज्याच्याकडे आरोग्याची लास्टिंग पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी आहे किंवा कोर्टाने नेमलेला डेप्युटी आहे तो देऊ शकतो, आणि तेही कागद बघूनच. यातली मेख अशी की पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी दोन प्रकारची असते, एक पैसे-मालमत्तेची आणि एक आरोग्य-कल्याणाची. मुलगा फाइल घेऊन येतो, अगदी आत्मविश्वासाने "माझ्याकडे पॉवर आहे" म्हणतो, आणि आत बघावं तर ती बँक खात्याची. न लाजता कागद मागा.

सुरुवात इथून करायची की समोरच्याला समजतं, असंच गृहीत धरायचं. शंका आली तर तपासायचं: माहिती कळते का, निर्णय होईपर्यंत लक्षात राहते का, तोलून बघता येते का, आणि कुठल्याही मार्गाने सांगता येतं का, बोलून, खुणेने, मकाटॉनने (हातवारे आणि चित्रांची भाषा), डोळ्यांनी. हे त्या निर्णयापुरतं आणि त्या वेळेपुरतं असतं. एकाच बाईला फ्लोराइड वार्निशचं (कीड टाळायला दातांवर लावायचा लेप) समजेल आणि जनरल अनॅस्थेशियाचं समजणार नाही, सकाळी समजेल आणि दुपारी थकल्यावर समजणार नाही. आणि जो उपचार करतोय त्यानेच हे तपासायचं असतं, म्हणजे फिलिंग तुम्ही करणार असाल तर तुम्ही. "डेंटिस्टने मागच्या महिन्यात बघितलं होतं" हे उत्तर नाही.

नाही समजत असं ठरलं तर मग बेस्ट इंटरेस्ट, म्हणजे पेशंटच्या हिताचं काय ते ठरवायचं, आणि तिथे घरच्यांचं म्हणणं ऐकायचं असतं, ते पेशंटला काय आवडतं, काय आवडायचं हे सांगतात. गंभीर उपचार आहेत आणि विचारायला कोणीच नाही, तर स्वतंत्र अ‍ॅडव्होकेट बोलवायची तरतूद आहे. स्कॉटलंडमध्ये याऐवजी अ‍ॅडल्ट्स विथ इनकपॅसिटी अ‍ॅक्ट २००० आहे आणि उपचाराआधी कलम ४७ चं सर्टिफिकेट लागतं, ते थेरपिस्टच्या सहीने होत नाही, त्यामुळे अपॉइंटमेंटच्या दिवशी धावाधाव नको, आधीच बघून ठेवा.

हात धरणं हा अजून नाजूक विषय. याला इथे क्लिनिकल होल्डिंग म्हणतात, याचं वेगळं ट्रेनिंग असतं, ते झाल्याशिवाय कोणाचा हात धरू नका आणि केअररला धरायला सांगू नका. कोणी किती वेळ कुठे धरलं हे नोंदवायचं. माझ्या पहिल्या नोकरीत मी प्रेमाने एका आजींचा हात हातात घेतला, आणि नर्सने नंतर शांतपणे विचारलं, हे धीर द्यायला होतं की थांबवायला? मला उत्तर देता आलं नाही.

याशिवाय इक्वालिटी अ‍ॅक्ट २०१० मधल्या रीझनेबल अ‍ॅडजस्टमेंट्स, सेफगार्डिंग, आणि लर्निंग डिसेबिलिटी व ऑटिझमवरचं ऑलिव्हर मॅकगोवन ट्रेनिंग, हे बहुतेक सर्व्हिस जॉइन झाल्यावर करून घेतात.

पायरी सहावी: हाताचं काम

गंमत म्हणजे यात नवीन काही फार नसतं. जुनंच हळू करायचं असतं.

ओळख करून देणं, म्हणजे अ‍ॅक्लिमटायझेशन, हे खरं काम आहे. माझा एक पेशंट पहिल्या खेपेला दारातून आत आला नाही, दुसऱ्या खेपेला आत येऊन खुर्चीभोवती एक चक्कर मारून गेला, तिसऱ्या खेपेला त्याने माझ्या हातातला ब्रश घेतला आणि स्वतःच्या खिशात टाकला. डायरीत तीन अपॉइंटमेंट, उपचार शून्य. पण सहाव्या खेपेला वार्निश झालं. अशा नोंदी लिहायला शिका, 'नो ट्रीटमेंट' असं लिहू नका, काय जमलं ते लिहा, म्हणजे पुढच्या माणसाला तिथून सुरू करता येतं. कोणता लाइट सहन होत नाही, कोणतं नाव घेतलेलं आवडतं, सकाळची वेळ बरी की दुपारची, हे सगळं. बऱ्याच जणांकडे हॉस्पिटल पासपोर्ट, म्हणजे आपल्या गरजा आणि आवडीनिवडी लिहिलेली पुस्तिका, असतो, तो मागून घेऊन वाचा.

दातांच्या बाबतीत हॉल क्राउन (ड्रिल न करता किडक्या दुधाच्या दातावर बसवायची टोपी), हाताच्या हत्यारांनी कीड खरवडून ग्लास आयोनोमर भरणं, कीड थांबवणारं सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड, ही सगळी कमी त्रासाची तंत्रं इथे सोन्यासारखी. सिल्व्हर डायमाइनने कीड काळी पडते हे घरच्यांना आधी फोटो दाखवून सांगा, नंतर नाही. हिरड्यांच्या बाबतीत डाउन सिंड्रोमच्या पेशंटवर विशेष लक्ष, त्यांचा पेरिओ, म्हणजे हिरड्यांचा आजार, लवकर आणि जोरात येतो.

गिळायला त्रास असणाऱ्यांना आडवं झोपवायचं नाही, शक्य तेवढं ताठ, पाणी कमी, सक्शन सतत, आणि घरी फेस न होणारी पेस्ट, म्हणजे ज्यात सोडियम लॉरिल सल्फेट नाही अशी. मणक्याला वरच्या भागात, साधारण सहाव्या थोरॅसिक मणक्याच्या वर, इजा झालेल्या पेशंटला अचानक डोकेदुखी, घाम, बीपी चढणं झालं तर ते ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्शिया असू शकतं, ताठ बसवा आणि कारण शोधा, बऱ्याचदा भरलेली कॅथेटर बॅग किंवा वाकलेली नळी. रक्त पातळ करणारं वॉरफरिन घेणाऱ्यांचा आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं माप) ४ च्या खाली आहे का ते बघूनच खोल स्केलिंग. हाडांची औषधं, म्हणजे बिस्फॉस्फोनेट वगैरे, चालू असतील तर ते डेंटिस्टला कळलं पाहिजे.

आणि केअररला ब्रशिंग शिकवणं. हे आपलं सगळ्यात मोठं योगदान आहे आणि सगळ्यात कंटाळत केलं जातं. पत्रक हातात देऊ नका. केअररला पेशंटच्या मागे उभं करा, डोकं आधाराने धरायला शिकवा, तीन बाजूंचा ब्रश देऊन बघा, आणि तुमच्यासमोर करून घ्या. जी केअरर येते ती उद्या ड्यूटीवर नसेल हे धरून चाला, त्यामुळे चार ओळींत लिहून केअर प्लॅनमध्ये जाईल असं द्या. केअर होमसाठी नाइसची (आरोग्याची मार्गदर्शक तत्त्वं काढणारी राष्ट्रीय संस्था) २०१६ ची गाइडलाइन आहे, मॅनेजरशी बोलताना तिचं नाव घेतलं की कान टवकारतात.

पायरी सातवी: सिडेशन

इनहेलेशन सिडेशन थेरपिस्टला देता येतं, पण ते जादा स्किल आहे, वेगळं शिकून, सुपरव्हिजनखाली केसेस करून, लॉगबुक भरून. नायट्रस ऑक्साइड आणि ऑक्सिजन थोडं थोडं वाढवत नेतात, आणि मशीनच अशी असते की ऑक्सिजन ३० टक्क्यांच्या खाली जात नाही. साड ही संस्था सिडेशनचे कोर्सेस घेते, बहुतेकांनी तिथूनच सुरुवात केलेली असते. कोर्स मान्यताप्राप्त आहे का ते २०१५ मध्ये आलेल्या इंटरकॉलेजिएट स्टँडर्ड्सच्या हिशोबाने बघा. शिरेतून देतात ते मिडॅझोलम आपलं नाही. आणि नाकावर मास्क चालत नाही अशा पेशंटला नायट्रसचा उपयोग होत नाही, हे ऐकायला बाळबोध वाटतं पण रेफरल अशीच येतात.

पायरी आठवी: पोर्टफोलिओ

थेरपिस्टला पाच वर्षांच्या चक्रात ७५ तास व्हेरिफायेबल सीपीडी लागतं आणि कुठल्याही सलग दोन वर्षांत किमान १०, चक्र १ ऑगस्टला सुरू होतं. ते तर करायचंच, पण पोर्टफोलिओ वेगळा. त्यात केस-बेस्ड डिस्कशन, सुपरव्हायजरने बघून केलेली असेसमेंट्स, टीमचा फीडबॅक, आणि फसलेल्या केसेस. हो, फसलेल्या. इंटरव्ह्यूला मला विचारलं, कधी उपचार मध्येच थांबवलात? मी पोर्टफोलिओतलं ते पान उघडलं आणि पुढची पंधरा मिनिटं त्याच्यावरच गेली. नावं, जन्मतारखा, ओळख पटेल असं काही ठेवू नका, गाव छोटं असेल तर दुर्मिळ आजाराचं नावसुद्धा ओळख सांगतं. नवं स्किल सुरू केलंत की इन्डेम्निटीवाल्यांना, म्हणजे व्यावसायिक विम्याच्या लोकांना, कळवा.

नोकरी

जागा एनएचएस (सरकारी आरोग्यसेवा) जॉब्सवर येतात, थेरपिस्टची जागा साधारण बँड ६ या पगारश्रेणीत, इंग्लंडमध्ये २०२५-२६ ला ३८,६८२ ते ४६,५८० पौंड, लंडन भत्ता वेगळा. प्रायव्हेट प्रॅक्टिसमध्ये यापेक्षा जास्त मिळतात, हे खरं आहे, त्यामुळे घरी आधीच बोलून घ्या. पेन्शन आणि सुट्ट्या इकडे चांगल्या.

नव्या नोकरीत एक गोष्ट रिसेप्शनवर नाही तर तुमच्या खुर्चीशेजारी विचारली जाईल: "डिसेबल्ड आहे ना, मग फुकट ना?" इंग्लंडमध्ये तसं आपोआप नाही. वय, प्रेग्नन्सी, ठरावीक कमी उत्पन्नाचे बेनिफिट्स यावर सूट ठरते, नुसत्या डिसेबिलिटी बेनिफिटवर नाही, आणि चुकीची खूण केली तर १०० पौंडांपर्यंत दंडाचं पत्र पेशंटच्या घरी जातं. फॉर्मवर सही करायच्या आधी केअररला थांबवा आणि कोणता बेनिफिट ते नीट विचारा.

आणि पहिल्यांदा घरी जाऊन उपचार करायची वेळ आली तर आदल्या दिवशी बॅग भरा. मी पहिल्या खेपेला सगळं नेलं, हत्यारं, सक्शन, शार्प्स बॉक्स, ऑक्सिजन, इमर्जन्सी औषधं, आणि हेडलाइट विसरले. आजोबांच्या खोलीत चाळीसचा दिवा, पडदा उघडायला त्यांची परवानगी नाही. नर्सने मोबाइलचा टॉर्च धरला आणि आम्ही फक्त बघून, वार्निश लावून परत आलो. तेव्हापासून हेडलाइट बॅगेत दोन असतात, आणि त्यांचे सेल वेगळ्या डबीत.